सांधा बसवता येतो, जोर कमवावा लागतो

कसबा बावड्यातल्या घरापासून राजाराम बंधाऱ्यापर्यंत मी रोज चालायचो. खुब्याने दगा दिला आणि तो रस्ता सुटला. सांधा बदलला की चालणे आपोआप परत येईल, ही माझी भाबडी समजूत. दुखणे थांबले खरे. पण तीन महिन्यांनीही चालताना मी एका अंगाला झुकत होतो. त्या खिन्न दिवसांत मी सर जॉन चार्नली यांच्याविषयी वाचू लागलो. आजच्या खुबाबदल शस्त्रक्रियेचा पाया घालणारे ते हेच.

लँकेशायरमधील बरी या गावी २९ ऑगस्ट १९११ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील औषधविक्रेते, आई परिचारिका. मँचेस्टरला वैद्यकीय शिक्षण झाले, महायुद्धात लष्करी सेवा झाली. पुढे राइटिंग्टनच्या, मूळ क्षयरोग्यांसाठी असलेल्या रुग्णालयात त्यांनी खुब्याचा ध्यास घेतला. पोलादाचा लहान गोळा, प्लॅस्टिकची वाटी आणि दोन्ही हाडात पक्के करणारे सिमेंट, अशी त्यांची रचना होती. पहिल्या वाट्या टेफ्लॉनच्या होत्या. रुग्ण चालू लागले; पण काही वर्षांतच वाट्या झिजल्या आणि आसपासचे हाड बिघडले. चार्नलींनी टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून त्याचा परिणाम पाहिला, आणि त्या रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. माझी उभी हयात बँकेत गेली. आपणच मंजूर केलेले कर्ज बुडाले, हे आपल्या सहीने लिहून देणारे मी फार थोडे पाहिले. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी पॉलिएथिलीनची वाटी बसवली. ती टिकली. १९७७ साली ते सर झाले आणि ५ ऑगस्ट १९८२ रोजी वारले.

पण मला भावले ते त्यांचे स्नायूंकडचे लक्ष. आपण एका पायावर भार देतो, तेव्हा खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू कंबर तोलून धरतात. ते दुबळे असले की माणूस झुकतो. त्यांना कमी जोरात वजन पेलता यावे म्हणून चार्नली वाटी आतल्या बाजूला बसवत आणि मांडीच्या हाडाचा, स्नायू धरून ठेवणारा उंचवटा कापून बाहेरच्या बाजूला जोडत. पहार लांब धरली की धोंडा हलका लागतो, तसेच हे.

तरीही वर्षानुवर्षे लंगडून रोडावलेला स्नायू कोणताही शल्यविशारद भरून देऊ शकत नाही. हा अशक्तपणा वर्षभरही रेंगाळू शकतो. मात्र म्हातारपणीही स्नायू मेहनतीला ओ देतो, हे मी अनुभवले. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ओट्याला धरून पाय बाजूला उचलणे, हात न टेकता खुर्चीतून उठणे, पायरी चढणे. पुढे थोडे थोडे वजन वाढवणे. नुसते फिरणे पुरत नाही.

कोल्हापूरकराला हे नव्याने सांगायला हवे होते का? तालमीत लाल माती तयार मिळते, अंग मात्र ज्याचे त्यालाच कमवावे लागते. परवा मी बंधाऱ्यापर्यंत गेलो. काठी घरीच राहिली होती.