शहीद कुर्बान हुसेन : निकाल न्यायालयाचा, निवाडा अल्लाहचा



आपण सोलापूरचे रहिवासी असाल किंवा कधी कामानिमित्त तेथे गेला असाल, तर चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळून आपण निश्चितच गेला असाल. शहरात सर्वजण त्या जागेला ‘चार पुतळा’ म्हणून ओळखतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांचे ते स्मारक आहे. दरवर्षी 12 जानेवारीला तेथे पुष्पहार वाहिले जातात आणि शाळेची मुले रांगेने अभिवादनास येतात.

एक गोष्ट मात्र आपल्या सहसा ध्यानात येत नाही. ज्यांना आपण आज हुतात्मा म्हणतो, ते चौघेही कायद्याच्या दृष्टीने खुनाचे सिद्धदोष गुन्हेगार होते. रीतसर खटला चालला, साक्षी झाल्या, निकाल लागला आणि त्या निकालाची अंमलबजावणी येरवड्याच्या तुरुंगात फासावर झाली. एखाद्या माणसावर ‘गुन्हेगार’ हा शिक्का बसतो म्हणजे नेमके काय होते? त्या शिक्क्याने त्याचे काय जाते, आणि काय कोणालाही हिरावून घेता येत नाही? कुर्बान हुसेन यांचे अल्पायुषी जीवन या दृष्टीने वाचण्याजोगे आहे.

गिरणगावातील तरुण

त्या काळी सोलापूर हे गिरण्यांचे शहर होते. 1877 मध्ये येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, तिलाच पुढे लोक ‘जुनी मिल’ म्हणू लागले. गिरणीच्या भोंग्यावर शहराचा दिवस उजाडत असे आणि मावळतही असे. तेलुगू भाषिक पद्मशाली, कन्नड बोलणारे लिंगायत, मराठी कष्टकरी आणि दखनी बोलणारे मुस्लिम असे सर्वजण एकाच साच्याखात्यात घाम गाळत. कुर्बान हुसेन याच वातावरणात वाढले. गिरणी कामगारांची दुःखे त्यांनी जवळून पाहिली आणि ऐन विशीत त्यांच्या संघटनेच्या कार्यात स्वतःला झोकून दिले. ‘गझनवी’ नावाचे पत्रही ते चालवीत असत. ज्या वयात आपली मुले शिक्षण संपवून नोकरीचा शोध घेत असतात, त्या वयात हा तरुण कामगारांसाठी बोलत होता आणि लिहीत होता.

याच शहराची आणखी एक ओळख येथे सांगणे आवश्यक आहे. इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला होता आणि अशा कुटुंबांना ठेवण्यासाठी सोलापुरात तारेच्या कुंपणातील वसाहत उभारली होती. ‘सेटलमेंट’ हा शब्द सोलापूरकरांच्या बोलण्यात आजही आहे. तेथे जन्मलेल्या बालकाने काहीही केलेले नसताना त्याच्या कपाळी तो शिक्का असे. हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द होऊन त्या जमाती विमुक्त झाल्या. सत्तेच्या हाती असलेला ‘गुन्हेगार’ हा शब्द किती दूरवर पोहोचू शकतो, हे सोलापूरने असे स्वतःच्या वेशीवर पाहिले आहे.

मे 1930 चे दिवस

6 एप्रिल 1930 रोजी गांधीजींनी दांडी येथे मिठाचा कायदा मोडला. मे महिन्याच्या 4 आणि 5 तारखांमधील रात्री त्यांना अटक झाली आणि देशभर संतापाची लाट उसळली. सोलापुरात हरताळ पडला व गिरण्या ओस पडल्या. शिंदीची झाडे तोडण्याचा सत्याग्रह सुरू झाला. 8 मे रोजी रूपाभवानी परिसरात जमलेला जमाव आणि पोलीस समोरासमोर आले व गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण मृत्युमुखी पडला. जमाव खवळला. मंगळवार पेठेतील पोलीस चौकीवर हल्ला होऊन ती पेटविण्यात आली, पोलिसांचे प्राण गेले आणि न्यायालयाच्या इमारतीलाही आग लागली.

वाचकहो, येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. चौकीत मारले गेलेले पोलीसही याच मातीतील माणसे होती. त्यांच्याही घरी कोणी वाट पाहत होते. एका निरपराध जिवाची हत्या म्हणजे साऱ्या मानवजातीची हत्या होय, ही शिकवण कुरआनच्या सूरह अल्-माइदामध्ये आपणास दिलेली आहे. परकीय सत्तेविरुद्धचा राग कितीही न्याय्य असला, तरी जमावाच्या हातून घडलेल्या त्या हत्येला आपण पुण्यकर्म म्हणू शकत नाही. प्रश्न वेगळा आहे. ती हत्या ज्यांच्या माथी मारली गेली, ती त्यांनीच केली होती काय?

पुढील काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल जणू उरलाच नव्हता. स्वयंसेवकांनी रस्त्यांवरची व्यवस्था सांभाळली. 12 मे रोजी सरकारने लष्करी कायदा पुकारला, तो 30 जूनपर्यंत लागू होता. गांधी टोपी दिसली की शिपाई माणसाला अडवीत. राष्ट्रध्वज घेऊन चालणे हाही शिक्षेला पुरेसा अपराध ठरे. लष्करी न्यायालयांनी अनेकांना मोठमोठ्या मुदतीच्या सक्तमजुरीच्या शिक्षा ठोठावल्या. काल ज्या गोष्टीला गुन्हा म्हणत नव्हते, ती आज एका हुकुमाने गुन्हा झाली आणि प्रतिष्ठित नागरिक रातोरात कैदी बनले.

खटला आणि फाशी

पोलिसांच्या हत्येचा ठपका ठेवून ज्यांच्यावर खटला भरण्यात आला, त्यांत हे चौघे होते. बाजारपेठेत वजन असलेले मल्लप्पा धनशेट्टी, सधन मारवाडी घराण्यातील श्रीकिसन सारडा, तरुणांचे पुढारी जगन्नाथ शिंदे आणि कामगारांचे कुर्बान हुसेन. मल्लप्पांनी 8 मे रोजी संतप्त जमावाला शांत करून कलेक्टरचे प्राण वाचविले होते, असे सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. सरकारला खुनी सापडले नाहीत, म्हणून पुढारी पकडले गेले, अशी शहराची धारणा तेव्हाही होती आणि आजही आहे.

न्यायालयाने चौघांना फाशीची शिक्षा सुनावली. सत्र न्यायालयाची फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अंमलात येत नाही, हा नियम तेव्हाही होता आणि आजही आहे. ती पायरीही पार झाली आणि शिक्षा कायम राहिली. 12 जानेवारी 1931 रोजी येरवडा कारागृहात चौघांना फाशी देण्यात आली. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा आणि एक मुस्लिम असे चौघे एकाच दिवशी या जगातून गेले. कुर्बान हुसेन यांनी अजून विशीही ओलांडली नव्हती.

यानंतर अवघ्या 52 दिवसांनी, 5 मार्च 1931 रोजी, गांधी-आयर्विन करार झाला. सत्याग्रहाच्या कैद्यांना सोडण्याचे सरकारने मान्य केले, परंतु हिंसेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना त्या सवलतीतून वगळले. म्हणजे कुर्बान हुसेन त्या दिवशी जिवंत असते, तरी निकालपत्रातील एका शब्दाने त्यांची वाट अडविली असती. गुन्हा सिद्ध झाल्याचा परिणाम शिक्षेपाशी संपत नाही. पुढे उघडणारे प्रत्येक दार तो आधी तपासून पाहतो.

निकाल आणि सत्य

प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः न्यायनिवाडा करीत असत. तरीही आपण मनुष्य आहोत, समोर आलेल्या बोलण्यावरून निर्णय देतो, आणि एखाद्याने वाक्चातुर्याने दुसऱ्याचा हक्क आपल्या पदरी पाडून घेतला तर त्याने अग्नीचा तुकडा घेतला असे समजावे, अशी ताकीद त्यांनी दिल्याचे हदीसमध्ये नमूद आहे. यातील बोध गंभीर आहे. ज्यांच्यावर वह्य अवतरत असे, त्यांनीही आपल्या निकालाने सत्य बदलत नाही असे सांगितले. मग इतर न्यायाधीशांची काय कथा? म्हणूनच शिक्षा देण्यात चूक होण्यापेक्षा क्षमा करण्यात चूक होणे बरे, आणि संशयाला जागा असेल तेथे कठोर शिक्षा टाळावी, असे तत्त्व इस्लामी न्यायशास्त्रात रूढ झाले. तुरुंगात टाकलेला निर्दोष माणूस एक दिवस घरी परतू शकतो. फासावर गेलेल्याला कोणताही करार, कोणतेही स्वातंत्र्य परत आणू शकत नाही.

हजरत यूसुफ (अ.) यांचे चरित्र आपण जाणताच. खोट्या आरोपावरून त्यांनी कैक वर्षे कैद भोगली. राजाचे बोलावणे आले, तेव्हा ते लगबगीने बाहेर पडले नाहीत. प्रथम माझ्यावरील आरोपाची चौकशी व्हावी, असा त्यांनी आग्रह धरला. सुटकेपेक्षा निष्कलंक नाव त्यांना अधिक मोलाचे वाटले. यूसुफ (अ.) यांना ती संधी मिळाली, कुर्बान हुसेन यांना ती मिळाली नाही. त्यांचे नाव त्यांच्या शहराने उजळविले, आणि अंतिम निवाडा त्या न्यायालयात होईल, जेथे साक्षीदार फुटत नाहीत.

आपल्या घरापर्यंत

हे चरित्र इतिहासातच ठेवून देण्यासारखे नाही. तुरुंगाचे दार आपल्याही वस्त्यांमध्ये कोणाकोणाला परिचित आहे. अशा कुटुंबांनी काही गोष्टी नीट समजून घ्याव्यात. अटक होणे म्हणजे दोषी ठरणे नव्हे. खटला चालू असलेला कच्चा कैदी कायद्याच्या दृष्टीने निर्दोषच असतो. दोषी ठरल्यावर मात्र शिक्षेखेरीज अनेक परिणाम होतात. तुरुंगात असेपर्यंत मतदान करता येत नाही. दोन वर्षे किंवा अधिक कैदेची शिक्षा झाल्यास, सुटकेनंतरही सहा वर्षे संसद वा विधिमंडळाची निवडणूक लढविता येत नाही. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात तेवढीच शिक्षा झालेल्यास पाच वर्षांपर्यंत पारपत्र नाकारले जाऊ शकते. सरकारी नोकरीच्या अर्जात पूर्वीच्या शिक्षेची माहिती विचारली जाते, आणि ती लपविणे स्वतंत्रपणे अंगलट येते.

कायद्याने दयेची दारेही ठेवली आहेत. 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली न्यायालयाने चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले असेल, तर त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला असता, गंभीर गुन्ह्यांचे काही अपवाद वगळता, त्याचा डाग पुढील आयुष्यावर राहू नये अशी तरतूद 2015 च्या बाल न्याय कायद्यात आहे. ऐपत नसणाऱ्यास, तसेच कोठडीत असलेल्या प्रत्येकास, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. वरिष्ठ न्यायालयात अपील करण्याची मुदत टळू देऊ नये. लाजेपोटी घरात बसून राहिल्याने अनेकांचे हक्क बुडतात.

कायद्याच्या शिक्षेला मुदत असते, समाजाच्या शिक्षेला मात्र मुदत नसते, आणि ही शिक्षा आपणच देत असतो. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला काम नाकारणे, त्याच्या बहिणीचे स्थळ मोडणे, त्याच्या मुलाला शाळेत बापावरून टोचून बोलणे, हे कोणत्या न्यायालयाने सुनावले आहे? कोणीही दुसऱ्याच्या पापाचे ओझे वाहणार नाही, हे कुरआनने स्पष्ट केले आहे. मद्यपानासाठी वारंवार शिक्षा झालेल्या एका माणसाला लोक शिव्याशाप देऊ लागले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना रोखले आणि तो अल्लाहवर व त्याच्या प्रेषितावर प्रेम करणारा असल्याची ग्वाही दिली. ज्याचा गुन्हा खरा होता, त्याच्याविषयी ही वृत्ती असेल, तर ज्याच्या गुन्ह्याविषयी शंका आहे त्याच्याशी आपले वर्तन कसे असावे?

1931 मध्ये कुर्बान हुसेन यांच्या आप्तांना सरकारदरबारी फाशी गेलेल्या खुन्याचे नातलग म्हणून ओळखले गेले असेल. सोलापूरने त्या शिक्क्याकडे पाहिले नाही, माणसाकडे पाहिले. हिंदू आणि मुस्लिम शेजाऱ्यांनी मिळून चौघांची नावे एका दमात उच्चारली आणि ती आजतागायत तशीच उच्चारली जातात. एका शहराला हे जमले, तर एका मोहल्ल्याला आपल्या मोहल्ल्यातील एका कुटुंबासाठी ते का जमू नये?

पुढच्या वेळी चार पुतळ्यांजवळून जाल, तेव्हा मुलांना चौथे नाव आवर्जून सांगा. आणि घरी परतताना, गल्लीतील ज्या दारावर बरेच दिवस कोणी थाप मारलेली नाही, तेथे जाऊन सलाम करा.

सर्वाधिक न्यायी असलेला अल्लाह आपल्याला न्यायाने बोलण्याची, दयेने वागण्याची आणि निरपराधांच्या बाजूने उभे राहण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.