प्रयोगशाळेतील एक जागा

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी गुणवत्तेच्या अग्रभागी राहून मिळविलेल्या एका तरुणीने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे संशोधनासाठी अर्ज केला. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला पदार्थविज्ञान आणि गुणांविषयी कोणाचा वाद नाही. अशा अर्जाला नकार येण्याचे काही कारण नव्हते. तरीही तो आला, आणि कारण एवढेच होते की, अर्जदार स्त्री होती. नकार देणारी व्यक्ती म्हणजे कोणी जुनाट वळणाचा अधिकारी नव्हता. तीनच वर्षांपूर्वी नोबेल पारितोषिक मिळवून ज्यांनी पारतंत्र्यातील देशाची मान उंच केली होती, ते सर चंद्रशेखर वेंकट रामन त्या वर्षी संस्थेचे संचालक झाले होते.

ही तरुणी म्हणजे कमला भागवत, पुढील काळातील डॉ. कमला सोहोनी. जीवरसायनशास्त्रातील त्यांच्या कामगिरीचा उल्लेख आज आदराने केला जातो. परंतु पहिलेपणाचे एखादे बिरुद बहाल केले की चरित्राचा विचार तेथेच थांबतो आणि त्यातील खरा प्रश्न बाजूला पडतो. तो प्रश्न असा की, समाजाच्या पैशाने उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेतील जागा कोणाला द्यावयाची, हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवावे? कमलाबाईंच्या आयुष्याची पहिली काही वर्षे या एका प्रश्नाभोवती फिरली.

अटींवरचा प्रवेश

कमलाबाईंचा जन्म इंदूरचा. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते, आणि जमशेटजी टाटांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या याच बंगळूरच्या संस्थेत ते शिकले होते. थोरली बहीण दुर्गा हिने पुढे लोकसाहित्याच्या अभ्यासाने आणि निर्भीड लेखणीने महाराष्ट्रात स्वतःचे स्थान निर्माण केले. अशा घरात वाढलेल्या मुलीला संस्थेचे नाव परके नव्हते. वडिलांनी ज्या दारातून प्रवेश केला, ते आपल्यासाठी बंद का, हे कळण्याजोगे उत्तर तिला कोणी देऊ शकले नाही. गांधीजींच्या चळवळीने त्या पिढीला एक गोष्ट शिकविली होती. अन्याय्य नकार मुकाट्याने स्वीकारावयाचा नसतो. कमलाबाई स्वतः बंगळूरला जाऊन संचालकांपुढे उभ्या राहिल्या, आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करण्याची तयारी त्यांनी दाखविली.

अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागणार होते. आणि त्यांच्या उपस्थितीने पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये, असेही बजावण्यात आले होते. या तिसऱ्या अटीतील अपमान तर उघड होता. दुसऱ्याच्या चित्ताची जबाबदारी तिच्यावर टाकण्यात आली होती, आणि त्या जबाबदारीचे मोजमाप काय, हेही सांगितले गेले नव्हते. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, मात्र त्यांतील सल त्या कधी विसरल्या नाहीत. एवढा थोर शास्त्रज्ञ या बाबतीत इतका संकुचित कसा असू शकतो, हा विषाद त्यांनी उतारवयातही बोलून दाखविला.

त्यांना मार्गदर्शक लाभले ते श्रीनिवासय्या. कामात कठोर, पण विद्यार्थी मुलगा आहे की मुलगी यापेक्षा तो प्रयोग नीट करतो की नाही हे पाहणारे. नवशिक्या जीवरसायनशास्त्रज्ञाचे काम बाहेरून दिसते तसे चमत्कारांचे नसते. दूध किंवा डाळ घ्यावयाची, तिच्यातील प्रथिने वेगळी करावयाची, नायट्रोजन मोजून त्यांचे प्रमाण काढावयाचे आणि आलेला आकडा खरा की आपल्या हाताचा दोष, हे ठरविण्यासाठी तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करावयाचा. जैव पदार्थ माणसाच्या सोयीने थांबत नाहीत. दूध नासते, अर्क बिघडतो, उष्णतेने प्रथिनांचे स्वरूप पालटते. एक चूक झाली की आठवड्याची मेहनत मोरीत ओतावी लागते. या कामाला बुद्धी लागते त्याहून अधिक चिकाटी लागते, आणि त्याहूनही अधिक लागते ती हक्काची जागा. आपले टेबल, आपल्या बाटल्या, आपली उपकरणे उद्या सकाळी जागेवर असतील, एवढी शाश्वती तरी हवीच. उमेदवारीच्या त्या वर्षात कमलाबाईंना नेमकी तीच नव्हती.

तरीही वर्षाअखेरीस त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले. त्यांनी कमलाबाईंना नियमित संशोधनास परवानगी दिली आणि पुढे इतर मुलींनाही संस्थेचे दार उघडले. रामन यांचा दोष सांगताना हेही सांगणे न्यायाचे ठरेल. मात्र दार उघडले म्हणजे वाट सरळ झाली असे नव्हे. १९४० साली रामन यांच्याच प्रयोगशाळेत आलेल्या अण्णा मणी यांनी हिरे आणि माणकांवर परिश्रमपूर्वक संशोधन करून १९४५ मध्ये प्रबंध सादर केला. तथापि एम.एस्सी. नसल्याच्या कारणावरून विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली.

दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवरील कामासाठी कमलाबाईंना १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळाली. भारतातील बहुसंख्य जनतेला प्रथिने पुरविणारा पदार्थ मांस नव्हे, तर डाळ, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या विषयनिवडीचे महत्त्व कळते.

दिवसाचे टेबल

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळविणारे सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स तेथील जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते. परंतु कमलाबाई पोहोचल्या तेव्हा प्रयोगशाळेत जागा शिल्लक नव्हती. तेव्हा डेरेक रिश्टर नावाच्या संशोधकाने आपले टेबल दिवसाच्या वेळी त्यांना वापरू दिले.

प्रसंग लहान आहे, पण बंगळूरच्या अनुभवाशेजारी ठेवला की तो बोलका होतो. दोन्ही ठिकाणी प्रश्न जागेचाच होता. एका ठिकाणी जागा असूनही ती अटींच्या कुंपणात घालून देण्यात आली, दुसऱ्या ठिकाणी जागा नसतानाही एका सहकाऱ्याने ती करून दिली. यावरून विलायत उदार आणि आपण अनुदार असा निष्कर्ष काढणे मात्र उथळपणाचे होईल. खुद्द केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदवी आणि बरोबरीचे सदस्यत्व १९४८ पर्यंत दिले नव्हते. फरक देशांचा नव्हता. तरुण संशोधकाशी प्रत्यक्ष संबंध येणाऱ्या माणसाच्या वृत्तीचा होता.

त्या टेबलावरील काम फुकट गेले नाही. रिश्टर यांच्यासमवेत कमलाबाईंनी प्राण्यांच्या ऊतींमधील विकरांवर काम केले. अमाइन ऑक्सिडेज या विकरावरील १९३९ च्या निबंधावर ब्लाश्को आणि रिश्टर यांच्याबरोबर भागवत हे नाव आहे. पुढे त्या रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या श्वसनाकडे वळल्या. प्राण्यांच्या पेशीत अन्नाचे ज्वलन होताना सायटोक्रोम नावाची लोहयुक्त प्रथिने साखळीप्रमाणे काम करतात आणि शेवटी प्राणवायूशी गाठ घालून देतात, हे तोवर ज्ञात झाले होते. वनस्पतींतही हीच व्यवस्था आहे काय, हा प्रश्न होता. बटाट्यापासून सुरुवात करून कमलाबाईंनी वनस्पतींच्या ऊतींमध्ये ही व्यवस्था असल्याचे दाखवून दिले. हिल आणि भागवत यांचे टिपण १९३९ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. माणूस आणि बटाटा श्वास घेतात तो मूलतः एकाच रीतीने, असा या शोधाचा सोपा अर्थ सांगता येईल.

अवघ्या चौदा महिन्यांत पूर्ण झालेला त्यांचा प्रबंध सुमारे चाळीस पानांचा होता. जाडीवरून प्रबंधाचे वजन ठरविण्याची सवय असलेल्यांनी हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळताच, परदेशात न रेंगाळता, कमलाबाई भारतात परतल्या.

गरिबाच्या ताटातील प्रथिने

दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, त्यानंतर कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा, आणि १९४७ मध्ये विमागणितज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यानंतर मुंबईची विज्ञान संस्था, असा त्यांचा पुढील प्रवास झाला. मुंबईत त्यांनी विद्यार्थ्यांची फळी उभी केली आणि संशोधनासाठी विषय निवडले ते सर्वसामान्यांच्या ताटातले.

कच्च्या कडधान्यात प्रथिने विपुल असली तरी त्यांच्यासोबत एक अडथळाही असतो. आतड्यात प्रथिने पचविणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला निष्प्रभ करणारी द्रव्ये त्यांत असतात. पन्नासच्या दशकात कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय खाद्यपदार्थांतील अशा द्रव्यांचा पद्धतशीर शोध घेतला. नीट शिजविल्याने ही द्रव्ये बव्हंशी नष्ट होतात. पुणे-सातारा रस्त्यावरील किकवीसारख्या गावात आजही घरची म्हातारी पावटा रात्री भिजत घालते, त्याला मोड आणते आणि चांगला शिजवून मगच उसळ वाढते. तिच्या या शिस्तीमागील रसायन या संशोधनाने उलगडले. डाळ किती खाल्ली याबरोबरच तिच्यातील किती प्रथिन अंगी लागले, हा प्रश्न गरीब देशाच्या दृष्टीने मोलाचा आहे. ज्याच्या ताटात वाटीभरच डाळ येते, त्याला त्या वाटीतील काहीही वाया जाऊ देणे परवडत नाही.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून हाती घेतलेले नीरेवरील कामही याच जातीचे. आंबण्यापूर्वीचा ताडरस म्हणजे नीरा. तो आंबला की ताडी होते. दारूबंदीच्या काळात ताडमाडांवर उपजीविका करणाऱ्यांपुढे हा केवळ शास्त्राचा प्रश्न नव्हता. नीरेत आणि तिच्या गुळात जीवनसत्त्वे आणि लोह उपयुक्त प्रमाणात असल्याचे कमलाबाईंनी दाखविले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात तिचा उपयोग होतो, असेही आढळून आले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. आरे दूध प्रकल्पालाही दुधाच्या प्रतीबाबत त्यांचा सल्ला मिळत असे.

एवढे झाल्यावरही विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे यावयाला सुमारे चार वर्षांचा विलंब लागला. १९३३ मध्ये अर्जदार म्हणून सोसलेला भेद ज्येष्ठतेच्या शिखराशीही सुटला नव्हता. निवृत्तीनंतर त्यांनी ग्राहक चळवळीत मन घातले. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्थेत त्या सक्रिय होत्या आणि १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षही झाल्या. अन्नातील भेसळीविषयी गृहिणींना सावध करणारे त्यांचे लेखन याच काळातले. १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार योजला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. मान्यता आली, पण ती फार उशिरा.

हिशेबात न धरलेली किंमत

कमलाबाईंचे चरित्र जिद्दीची कहाणी म्हणून सांगण्याची रीत आहे, आणि ती जिद्द खरीच आहे. परंतु जिद्दीच्या कौतुकात एक धोका दडलेला असतो. अडथळे ओलांडणाऱ्या एकीकडे बोट दाखविले की अडथळे उभे करणाऱ्या व्यवस्थेला आपोआप सुटका मिळते. ज्या मुलींकडे सत्याग्रहाचे धैर्य नव्हते, ज्यांचे वडील रसायनशास्त्रज्ञ नव्हते, ज्यांच्या घरी बंगळूरला पाठविण्याइतका पैसा किंवा विश्वास नव्हता, त्या नकाराचे पत्र वाचून परत फिरल्या असतील. न झालेल्या शोधांचा जमाखर्च कोणत्याच खतावणीत लिहिला जात नाही. म्हणून तो तोटा झालाच नाही, असे समजण्याची चूक समाज सहज करतो.

आदेश, अटी आणि मेहेरबानी यांवर चालणारी व्यवस्था क्वचित चांगला निर्णय देतेही. श्रीनिवासय्या भेटले, रिश्टर भेटले, म्हणून कमला भागवत घडल्या. पण चांगला माणूस भेटणे हा नियम नव्हे, योगायोग आहे, आणि देशाचे संशोधन योगायोगावर सोपविणे शहाणपणाचे नाही. आजही संशोधनाच्या पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्या तरुणाचे भवितव्य पुष्कळदा एका मार्गदर्शकाच्या शब्दावर आणि वेळेवर मिळणाऱ्या वा न मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर अवलंबून असते. प्रवेशाचे नियम लिखित असावेत, नकाराला कारण द्यावे लागावे, आणि त्या कारणाविरुद्ध दाद मागता यावी, एवढीच यावरील मागणी आहे. ती मुळीच अवाजवी नाही.

किकवीच्या थांब्यावर सकाळी पुण्याकडे जाणाऱ्या एस.टी.ची वाट पाहणाऱ्या मुलींत रसायनशास्त्राचे पुस्तक हाती असलेली एखादी असेल. तिने कमला सोहोनींइतके धीट असावे, अशी अपेक्षा बाळगणे सोपे आहे. तिला तितके धीट होण्याची गरजच पडू नये, हे पाहणे अवघड आहे. शिक्षणसंस्था चालविणाऱ्यांचे काम मात्र हे दुसरेच आहे.