भिंतीआडच्या लहरींचा शोधक : जगदीशचंद्र बोस

भंडारा, प्रतिनिधी – भंडारा शहराच्या नव्या वसाहतींत काँक्रीटची दुमजली घरे उभी राहिली आहेत. जुन्या वस्त्यांत आणि पवनी, लाखांदूर, मोहाडीकडच्या गावांत मातीच्या जाड भिंती व कवेलूंची छपरे अद्याप टिकून आहेत. घर कोणतेही असो, एक तक्रार समान असते. बैठकीच्या खोलीत वायफाय उत्तम चालते, स्वयंपाकघर ओलांडताच मात्र ते मंदावते आणि वरच्या मजल्यावर अभ्यासाला बसलेल्या मुलाचा ऑनलाइन वर्ग मध्येच तुटतो. यावर उपाय म्हणून अलीकडे 'मेश' वायफायची शिफारस केली जाते. घरात दोन-तीन ठिकाणी ठेवलेल्या, परस्परांशी जोडलेल्या आणि मिळून एकच जाळे तयार करणाऱ्या पेट्या म्हणजे मेश. त्यांपैकी कोणती घ्यावी, किती घ्याव्यात आणि कुठे ठेवाव्यात, या प्रश्नांचे उत्तर अखेर एकाच गोष्टीवर अवलंबून असते : या अदृश्य लहरी कशातून पार होतात आणि कशापाशी अडतात.

नेमक्या याच प्रश्नाचा शोध सुमारे १३० वर्षांपूर्वी कोलकात्याच्या एका अडगळीच्या खोलीत एक भारतीय प्राध्यापक घेत होता. त्यांचे नाव आचार्य जगदीशचंद्र बोस. वनस्पतींच्या संवेदनांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ म्हणून शालेय पुस्तकांनी त्यांची ओळख करून दिली. त्याआधी त्यांनी बिनतारी लहरींवर केलेले काम मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिले.

मातृभाषेच्या शाळेतून केंब्रिजपर्यंत

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमध्ये, म्हणजे आजच्या बांगलादेशात झाला. वडील भगवानचंद्र ब्रिटिश सरकारच्या सेवेत अधिकारी होते आणि ब्राह्मो समाजाचे अनुयायी होते. त्या काळी अशा घरातील मुलाला इंग्रजी शाळेत घालणे प्रतिष्ठेचे मानले जाई. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला बंगाली शाळेत घातले. तेथे शेतकऱ्यांची आणि कोळ्यांची मुले त्यांच्या शेजारी बसत. नदी, प्राणी आणि झाडे यांविषयीचे कुतूहल त्यांना याच सोबत्यांकडून मिळाले.

पुढे कोलकात्याच्या सेंट झेवियर्समध्ये फादर युजीन लाफों यांच्यामुळे त्यांना भौतिकशास्त्राची गोडी लागली. १८८० मध्ये ते वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेले. परंतु तापाच्या दुखण्याने ते शिक्षण सोडावे लागले. नंतर केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. लॉर्ड रॅले हे तेथील त्यांचे एक शिक्षक होते. केंब्रिज आणि लंडन अशा दोन्ही विद्यापीठांच्या पदव्या घेऊन ते मायदेशी परतले.

बिनपगारी तीन वर्षे

१८८५ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे हंगामी प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच पदावरील युरोपीय प्राध्यापकापेक्षा भारतीयाला कमी वेतन देण्याची तेव्हा प्रथा होती. त्यातही नेमणूक हंगामी असल्याने बोस यांच्या वाट्याला आणखी कपात आली. त्यांनी काम सोडले नाही, पण पगारही घेतला नाही. तब्बल तीन वर्षे ते विनावेतन शिकवीत राहिले. घरची स्थिती चांगली नव्हती, वडिलांवर कर्ज होते आणि याच काळात, १८८७ मध्ये, अबला दास यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अखेर सरकारला माघार घ्यावी लागली. त्यांना कायम करण्यात आले आणि मागील तीन वर्षांचे पूर्ण वेतन एकरकमी मिळाले. त्या पैशातून त्यांनी वडिलांचे कर्ज फेडण्यास हातभार लावला.

महाविद्यालयात संशोधनासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा नव्हती. अध्यापनाचा भार सांभाळून उरलेल्या वेळात एका अडगळीच्या छोट्या खोलीत त्यांनी प्रयोग मांडले. उपकरणे बनविण्यासाठी एका स्थानिक कारागिराला, टिनकाम करणाऱ्याला, त्यांनी स्वतः तयार केले. खर्चही बहुतांशी स्वतःच्या खिशातून केला. १८९४ मध्ये आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी त्यांनी उर्वरित आयुष्य संशोधनाला वाहून घेण्याचा निश्चय केला.

लहर आखूड करण्याची युक्ती

जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८८ च्या सुमारास विद्युतचुंबकीय लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले होते. त्या लहरी लांब असल्याने त्यांच्यावर प्रयोग करायला मोठमोठे आरसे आणि भिंगे लागत. बोस यांनी लहरीच आखूड केल्या. सुमारे ५ मिलिमीटरपासून २५ मिलिमीटरपर्यंत तरंगलांबी असलेल्या लहरी त्यांनी निर्माण केल्या. त्यामुळे सगळा प्रयोग एका मेजावर मावू लागला. या लहरींसाठी त्यांनी पोकळ नळ्या, कर्ण्याच्या आकाराची मुखे, गंधकासारख्या पदार्थांची भिंगे आणि गॅलेना या खनिजाचे संवेदक वापरले. यांपैकी अनेक रचना पुढे रडार आणि दूरसंचार क्षेत्रात नव्याने वापरात आल्या.

साधनांच्या बाबतीत त्यांची कल्पकता विलक्षण होती. रेल्वेच्या एका जाडजूड वेळापत्रकाच्या पानांमध्ये कथिलाचे पातळ पत्रे घालून त्यांनी लहरींची गाळणी बनविली. विशिष्ट दिशेने कंप पावणारी लहर त्यातून पार होई, आडवी येणारी अडकून पडे. पीळ दिलेल्या तागाच्या दोरखंडांतून जाताना लहरीची दिशा कशी वळते, हेही त्यांनी तपासले.

१८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग करून दाखविला. एका खोलीतून निघालेल्या लहरी मधल्या भिंती ओलांडून सुमारे ७५ फुटांवर पोहोचल्या. तेथे त्यांनी घंटा वाजविली आणि दारूचा स्फोट घडवून आणला. मध्ये कोणतीही तार नव्हती. त्याच वर्षी त्यांचा पहिला शोधनिबंध बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे सादर झाला. १८९६ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्‌सी. ही पदवी दिली. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील प्रतिष्ठित शुक्रवार व्याख्यानात त्यांनी आपली उपकरणे मांडून दाखविली.

वीट पारदर्शक, पाणी अपारदर्शक

या काळात बोस यांनी एकेक पदार्थ लहरींच्या वाटेत धरून पाहिला. डोळ्यांना जे पारदर्शक ते लहरींनाही पारदर्शक असेलच असे नाही, हे त्यांना दिसून आले. वीट आणि डांबर यांतून प्रकाश जात नाही, पण या लहरी जातात. नितळ पाण्यातून प्रकाश सहज जातो, पण या लहरी तेथे अडतात. धातूचा पत्रा तर त्यांना आरशासारखा परतवून लावतो. हे सारे त्यांनी सामान्य वाचकांसाठी बंगालीतही लिहिले.

आज मेश वायफाय घेणाऱ्या कुटुंबाला याच माहितीचा उपयोग होतो. वायफायचे दोन प्रमुख पट्टे आहेत. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, तर ५ गिगाहर्ट्झची साडेपाच-सहा सेंटिमीटर. लांब लहर भिंती तुलनेने सहज ओलांडते, पण कमी माहिती वाहते आणि शेजाऱ्यांच्या गर्दीत अडखळते. आखूड लहर वेगवान असते, पण भिंतींपुढे लवकर थकते. बोस यांनी हाताळलेल्या ५ मिलिमीटरच्या, म्हणजे ६० गिगाहर्ट्झच्या, लहरींवर चालणारा वायफायचा एक प्रकार २०१२ मध्ये प्रमाणित झाला. त्याची धाव मात्र साधारणपणे एका खोलीपुरतीच असते.

टाउन हॉलमधील घंटेला लहरीचा एक झटका पुरेसा होता. व्हिडिओ कॉलला मात्र अखंड आणि भरपूर बळाचा सिग्नल लागतो. म्हणून मोबाईलवर वायफायची एखादी रेघ दिसते, एवढ्यावरून त्या खोलीत वायफाय पोहोचले असे समजणे चुकीचे ठरते.

घराची तपासणी आधी, खरेदी नंतर

मेशची खरेदी करण्यापूर्वी पहिली चाचणी तारेने करावी. मुख्य पेटीला संगणक थेट केबलने जोडून वेग मोजावा. तेथेच वेग कमी असेल तर दोष जोडणीचा किंवा योजनेचा असतो आणि मेशने तो दूर होत नाही. त्यानंतर असलेला राउटर कोपऱ्यातून, लोखंडी कपाटामागून किंवा दूरचित्रवाणी संचाच्या आडून काढून घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी ठेवून पाहावा. दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेत बहुधा एवढ्याने काम भागते.

तरीही मागच्या खोल्या कोरड्या राहिल्या, तर भिंती मोजाव्यात. साधी विटांची भिंत त्यातल्या त्यात सौम्य अडथळा असतो. लोखंडी सळ्यांचा स्लॅब, मातीची दीड-दोन फुटी भिंत, टिनाचे पत्रे, पाण्याची टाकी, फ्रिज आणि मोठा आरसा हे कठीण अडथळे होत. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्यात भांड्यांनी भरलेली मांडणीही लहरींना परतविणारा पडदा ठरू शकते. वेष्टनावर छापलेले चौरस फुटांचे आकडे मोकळ्या जागेचा विचार करून दिलेले असतात, याचे भान ठेवलेले बरे.

दुसरी पेटी सिग्नल नसलेल्या खोलीत ठेवणे ही नेहमीची चूक असते. जिथे तिलाच सिग्नल मिळत नाही, तिथून ती पुढे काय देणार? ती मुख्य पेटी आणि कोरडी खोली यांच्या मधोमध, पहिल्या पेटीचा सिग्नल चांगला येतो अशा जागी असावी. शक्य असल्यास दोन्ही पेट्या लॅन केबलने जोडाव्यात. त्यामुळे पेट्यांमधील संवाद तारेतून होतो आणि बिनतारी वाट पूर्णपणे मोबाईल-संगणकांसाठी मोकळी राहते. घराचे बांधकाम सुरू असेल तर भिंतीतून एक जादा पाइप टाकून ठेवणे स्वस्त पडते. केबल शक्य नसेल तर तीन पट्ट्यांचा, म्हणजे ट्राय-बँड, संच पाहावा. त्यात एक पट्टा पेट्यांच्या आपसातील संवादासाठी राखून ठेवता येतो. दोन पट्ट्यांच्या संचात हाच संवाद आणि घरातील वापर एकाच वाटेवरून चालतो आणि वेग घटतो.

वीज जाण्याचाही विचार करावा. मुख्य पेटी इन्व्हर्टरवर आणि दुसरी साध्या सॉकेटवर असेल, तर वीज जाताच मागच्या खोल्या पुन्हा तुटतात. तसेच वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेट्या एकाच मेशमध्ये जुळतीलच असे नाही. पुढे एखादी पेटी वाढविता येईल काय, हे खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावे.

स्वामित्वहक्काला नकार

बोस यांच्या शोधांना बाजारात मोठी किंमत होती. ज्ञान सर्वांसाठी खुले असावे, अशी त्यांची धारणा असल्याने त्यांनी आपल्या उपकरणांची रचना उघडपणे सांगितली आणि व्यापारी प्रस्ताव नाकारले. सारा बुल या अमेरिकी हितचिंतक महिलेच्या आग्रहाखातर १९०१ मध्ये अमेरिकेत एका संवेदकासाठी स्वामित्वहक्काचा अर्ज झाला आणि २९ मार्च १९०४ रोजी तो मंजूरही झाला. बोस यांनी त्यातून पैसा मिळविला नाही. तो हक्क त्यांनी तसाच संपू दिला.

डिसेंबर १९०१ मध्ये गुग्लिएल्मो मार्कोनी यांनी अटलांटिक महासागरापार बिनतारी संदेश मिळविल्याचे जाहीर केले. त्यासाठी वापरलेल्या पाऱ्याच्या संवेदकाचे मूळ बोस यांनी १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या रचनेत आहे, असे प्रतिपादन काही अभ्यासकांनी नंतर केले. १९०९ चे नोबेल पारितोषिक मार्कोनी आणि कार्ल ब्राउन यांना मिळाले. लांब पल्ल्याचा संदेशवहन-व्यवसाय उभारणे हे मार्कोनींचे ध्येय होते. लहरींचा स्वभाव समजून घेणे हे बोस यांचे ध्येय होते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी बोस वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळले. रोपांची सूक्ष्म वाढ मोजणारे 'क्रेस्कोग्राफ' हे यंत्र त्यांनी बनविले. त्यांच्या काही निष्कर्षांवर तत्कालीन शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी कठोर टीका केली. तरी त्यांनी काम थांबविले नाही. १९१७ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, आपल्या वाढदिवशी, त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूटची स्थापना केली. स्वतः अडगळीच्या खोलीत काम केलेल्या या शास्त्रज्ञाने पुढच्या पिढीसाठी सुसज्ज प्रयोगशाळा उभी केली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी, एकोणऐंशीव्या वाढदिवसाला आठवडा राहिला असताना, गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

वायफाय ही एका व्यक्तीची निर्मिती नाही. १९९७ मध्ये त्याचे पहिले प्रमाण ठरले, त्यामागे अनेक देशांतील अभियंत्यांचे परिश्रम आहेत. बोस यांचे श्रेय त्याच्या पायाशी आहे. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय अभियंत्यांच्या 'आयईईई' या संघटनेने प्रेसिडेन्सी कॉलेजातील त्यांच्या १८९४ ते १८९६ मधील प्रयोगांना मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली. विटेची किंवा मातीची भिंत, लोखंडी कपाट आणि पाण्याची टाकी लहरींशी कशी वागते, हे खरेदीपूर्वी पाहणारे प्रत्येक घर नकळत त्यांच्याच पद्धतीने चालत असते.