एका खोलीवर दोन बुकिंग का होत नाहीत?

पावसाळ्यातला शनिवार. लोणावळ्याच्या हॉटेलात एकच खोली उरली आहे आणि दोन फोनवरून एकाच क्षणी बुकिंगचे बटण दाबले जाते. खोली एकालाच मिळते, दुसऱ्याला एररचा संदेश येतो. ही शिस्त डेटाबेसला लावण्यात जिम ग्रे यांचा वाटा फार मोठा.

१९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या ग्रे यांनी सत्तरच्या दशकात आयबीएममध्ये ट्रॅन्झॅक्शनचे नियम पक्के केले. काम पूर्ण तरी व्हावे, नाहीतर मध्येच एरर आल्यास झालेले सगळे बदल मागे घेतले जावेत. दुसरा प्रश्न खोळंब्याचा. एका नोंदीसाठी अख्खे टेबल लॉक केले तर बाकीचे ताटकळतात. म्हणून लॉक फक्त हव्या त्या ओळीला. खंडाळ्याची खोली बुक होताना कामशेतची अडत नाही, ती यामुळे. (बँक आणि हॉटेल यांचे डेटाबेस मात्र वेगळे, कापलेले पैसे परत यायला दिवस लागतात ते म्हणूनच.)

१९९८चा ट्युरिंग पुरस्कार ग्रे यांना मिळाला.

२८ जानेवारी २००७ रोजी आईची रक्षा समुद्रात सोडण्यासाठी ते शिडाच्या बोटीतून एकटेच निघाले. परतले नाहीत. हजारो स्वयंसेवकांनी उपग्रहाची छायाचित्रे धुंडाळली, पण बोट सापडली नाही. २०१२ मध्ये न्यायालयाने त्यांना मृत घोषित केले.