नारळापासून बर्फापर्यंत : डॉ. पिशारोटी

आपल्या संभाजीनगरात बर्फ दिसतो तो उसाच्या रसात! हिमालयातला मी उपग्रहचित्रांवर मोजायला शिकलो, तेव्हा डॉ. पी. आर. पिशारोटी कळले. जन्म १९०९, केरळ. १९६२ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक. निवृत्तीनंतर लोक आराम करतात. हे साराभाईंकडे अहमदाबादेत रुजू झाले. १९७०च्या सुमारास हेलिकॉप्टरमधून केरळातल्या नारळबागांचे इन्फ्रारेड फोटो काढले. निरोगी झाड लाल उमटतं, रोगट फिकं.

बर्फालाही हीच युक्ती. ढग आणि बर्फ, दोन्ही पांढरे. पण शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडमध्ये बर्फ काळा पडतो, ढग उजळ राहतो. त्यावरून उन्हाळ्यात सतलजमधून भाक्रा धरणात किती पाणी येईल, याचा अंदाज बांधतात. १९८८ मध्ये आयआरएस-१ए उडाला, तेव्हा पिशारोटी ७९ वर्षांचे होते. २००२ मध्ये ते गेले.