सावित्रीबाईंचे अखेरचे वर्ष

नायगावी १८३१ साली जन्मलेल्या सावित्रीबाई फुले आपल्याला ठाऊक आहेत त्या १८४८ च्या मुलींच्या शाळेमुळे. मला मात्र त्यांचे अखेरचे वर्ष अधिक मोलाचे वाटते. जोतीराव १८९० सालीच गेले होते. वयाच्या ६६ व्या वर्षी त्या घरी बसल्या असत्या, तरी कोणी बोट दाखवले नसते. पण १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांच्यासह त्यांनी शहराबाहेर दवाखाना चालवला. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतला आजारी मुलगा त्यांनी पाठीवर घालून तिथे आणला. मुलगा वाचला, त्या मात्र १० मार्च रोजी प्लेगनेच गेल्या.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. मला काय त्याचे, असे सावित्रीबाई म्हणाल्या असत्या, तर मी इथवर आले असते का? मग आपण तरी तसे कसे म्हणावे?