विश्लेषण : इंदूरच्या खड्ड्यातून जगभर गेलेले कंपोस्ट… सर अल्बर्ट हॉवर्ड यांची पद्धत आज हवामान बदलाच्या चर्चेत का?

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की विदर्भ-मराठवाड्यात दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो, पऱ्हाट्यांचे करायचे काय? काही चुलीत जातात, उरलेल्या बांधावर पेटवल्या जातात. याच पऱ्हाट्यांपासून खत कसे करायचे, याचे उत्तर सुमारे १०० वर्षांपूर्वी इंदूरमध्ये एका इंग्रज शास्त्रज्ञाने शोधले. सर अल्बर्ट हॉवर्ड हे त्यांचे नाव. सेंद्रिय शेतीच्या आद्य प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. त्यांचा प्रश्न जमिनीच्या कसाचा होता. आज त्याच उत्तराकडे हवामान बदलावरील एक उपाय म्हणून पाहिले जाते. हॉवर्ड कोण होते, त्यांची पद्धत काय होती आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे पाहू या.

हॉवर्ड कोण होते?

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, शेतकरी कुटुंबात झाला. लंडन आणि केंब्रिजमध्ये शिक्षण घेतल्यावर ते वेस्ट इंडिजमधील बार्बाडोस येथे बुरशीशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. पिकांवरील रोगांचा अभ्यास हे त्यांचे काम. पण प्रयोगशाळेत रोग तपासायचा आणि स्वतः पीक न घेता शेतकऱ्याला सल्ला द्यायचा, ही पद्धत त्यांना खटकू लागली. १९०३ मध्ये ते इंग्लंडमधील वाय येथील कृषी महाविद्यालयात आले. तेथून १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे नव्याने उभ्या राहणाऱ्या कृषी संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. (१९३४ च्या भूकंपानंतर ही संस्था दिल्लीला हलवण्यात आली. दिल्लीतील पुसा हे नाव तिथूनच आले.)

त्याच वर्षी त्यांचा गॅब्रिएल मथाई यांच्याशी विवाह झाला. गॅब्रिएल स्वतः केंब्रिजच्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. प्रकाशसंश्लेषणावर तापमानाचा काय परिणाम होतो, यावरील त्यांचे संशोधन लग्नाआधीच प्रसिद्ध झाले होते.

पुसामध्ये काय घडले?

सरकारी काम होते गव्हाचे सुधारित वाण तयार करण्याचे. हॉवर्ड दाम्पत्याने ते चोख केले. पुसा ४ आणि पुसा १२ हे त्यांचे वाण उत्तर भारतात मोठ्या क्षेत्रावर पोहोचले. मात्र, हॉवर्ड यांचा ओढा दुसऱ्याच प्रश्नाकडे होता. आसपासचे शेतकरी कोणतीही फवारणी न करता, कृत्रिम खत न घालता पीक घेत होते आणि त्यांच्या शेतात रोगराई तुलनेने कमी दिसत होती. असे का?

संस्थेकडून त्यांनी सुमारे ७५ एकर जमीन आणि बैल मागून घेतले आणि स्थानिक शेतकऱ्यांच्या पद्धतीने शेती सुरू केली. शेतकरी आणि पिकांवरील कीड यांनाच त्यांनी आपले गुरू मानले. कीड पडली म्हणजे जमिनीत किंवा मशागतीत काहीतरी चुकते आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. उत्तम चाऱ्यावर वाढलेले आपले बैल लाळ्या-खुरकूत झालेल्या जनावरांच्या संपर्कात येऊनही आजारी पडले नाहीत, अशी नोंदही त्यांनी केली. ही निरीक्षणे होती, काटेकोर तुलनात्मक प्रयोग नव्हते. हा फरक पुढे वादाचे कारण ठरला.

पुसा सोडून इंदूर का?

पुसामध्ये प्रत्येक विषयाचा वेगळा विभाग होता. वनस्पतिशास्त्र एकीकडे, मृदा रसायन दुसरीकडे, कीटकशास्त्र तिसरीकडे. एकाच पिकाचे सगळे प्रश्न एकत्र अभ्यासायचे तर ही चौकट अडसर ठरत होती. अखेर १९२४ मध्ये हॉवर्ड इंदूरला आले. होळकर दरबाराने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. मुंबईस्थित इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी आणि मध्य भारतातील संस्थानांनी तिला पैसा पुरवला. साहजिकच कापूस हे मुख्य पीक होते.

इथली अडचण आजही ओळखीची वाटेल. काळी जमीन कसदार, पण सेंद्रिय खताची वानवा. कारण शेणाचा मोठा भाग गोवऱ्या थापून चुलीत जात होता. शेण कमी आणि काडीकचरा भरपूर, अशा परिस्थितीत खत कसे करायचे, हा हॉवर्ड यांच्यापुढचा प्रश्न होता.

इंदूर पद्धत नेमकी काय होती?

उकिरडा प्रत्येक गावात होता. पण त्यात शेण-कचरा नुसता साठत जातो. आत हवा नसते, पावसात पाणी साचते, बरेचसे नत्र उडून किंवा वाहून जाते. हॉवर्ड यांनी या कामाला शिस्त लावली.

- पऱ्हाट्या आणि तुराट्यांसारखे कडक अवशेष आधी शेतातील गाडीवाटेवर पसरायचे. बैलगाड्यांच्या चाकांखाली ते चिरडले जातात आणि लवकर कुजतात.

- गोठ्यात जनावरांखाली माती आणि काडीकचरा पसरायचा. त्यात गोमूत्र शोषले जाते. उकिरड्यात वाया जाणारे नत्र असे खतात येते.

- सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि केवळ २ फूट खोल खड्ड्यात काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे. शेण इथे विरजणासारखे काम करते, त्यामुळे थोडे पुरते.

- पाणी बेताचे शिंपडायचे आणि ठरावीक दिवसांनी ढीग उलथायचा, म्हणजे आत हवा खेळती राहते. ढीग तापतो आणि साधारण तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत खत तयार होते.

यात नवे यंत्र नव्हते की विकत आणायचे रसायन. चीन, जपान आणि कोरियातील शेतकऱ्यांच्या खत करण्याच्या परंपरेवर अमेरिकी शास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी लिहिलेल्या पुस्तकाचा हॉवर्ड यांच्यावर प्रभाव होता. जुने ज्ञान मोजून-मापून कोणालाही करता येईल अशा कृतीत बसवणे, हे इंदूरचे काम.

श्रेय एकट्या हॉवर्ड यांचे का?

नाही. या पद्धतीची मांडणी करणारे पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यावर दोन नावे आहेत, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. संस्थेतील रसायनशास्त्राची बाजू वाड यांनी सांभाळली होती. गॅब्रिएल तर पुसापासून संशोधनात बरोबरीच्या भागीदार होत्या. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे जगभर गाजले ते मात्र एकट्या हॉवर्ड यांचे नाव.

इंग्लंडला परतल्यावर काय झाले?

१९३१ मध्ये हॉवर्ड मायदेशी परतले. १९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. तोपर्यंत इंदूर पद्धत केनियातील कॉफीच्या आणि भारत-सिलोनमधील चहाच्या मळ्यांत पोहोचू लागली होती. १९४० मध्ये त्यांचे ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट हे पुस्तक आले. ते वाचून अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी सेंद्रिय शेतीचे मासिक सुरू केले. इंग्लंडमध्ये लेडी ईव्ह बाल्फोर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये सॉइल असोसिएशन स्थापन झाली. २० ऑक्टोबर १९४७ रोजी हॉवर्ड यांचे निधन झाले.

भारतातही ही परंपरा थांबली नाही. यवतमाळ जिल्ह्यातील नारायण देवराव पांढरीपांडे यांनी भिंतीत फटी ठेवून बांधलेल्या विटांच्या टाक्यात खत करण्याची पद्धत विकसित केली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती नाडेप म्हणून ओळखली जाते. कमी शेणात जास्त खत आणि ढिगाला हवा, ही सूत्रे तिच्यातही आहेत.

हवामान बदलाशी संबंध काय?

हवामानविषयक आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) २०१९ च्या अहवालानुसार, मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी २१ ते ३७ टक्के वायू शेतीपासून ताटापर्यंतच्या अन्नव्यवस्थेतून येतात. यात कंपोस्ट तीन ठिकाणी उपयोगी पडते.

पहिले, कार्बन. अवशेष जाळले की पिकाने हवेतून घेतलेला कार्बन धुरासह लगेच हवेत परततो. कंपोस्टमध्येही बराच कार्बन बाहेर पडतो, पण काही भाग ह्युमसच्या रूपात जमिनीत दीर्घकाळ टिकतो.

दुसरे, खते. युरियासाठी नैसर्गिक वायू किंवा कोळसा लागतो. शिवाय जमिनीत गरजेपेक्षा जास्त नत्र पडले की नायट्रस ऑक्साइड तयार होतो. १०० वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ घडवतो. खतांची मात्रा कमी झाली तर दोन्हीकडे बचत होते.

तिसरे, पाणी. सेंद्रिय पदार्थ जास्त असलेल्या जमिनीत ओल अधिक टिकते. पावसाचे खंड वाढत असताना कोरडवाहू शेतकऱ्यासाठी हा फायदा सर्वांत जवळचा.

मात्र, ढीग नीट केला तरच हे खरे. पाणी साचून हवा कोंडली तर ढिगातून मिथेन बाहेर पडतो. हॉवर्ड यांनी ढीग उलथण्याचा आग्रह धरला तो चांगल्या खतासाठी, पण हवामानाच्या दृष्टीनेही तोच नियम महत्त्वाचा आहे.

हॉवर्ड कुठे कमी पडले?

निरोगी जमिनीतून आलेल्या अन्नामुळे माणसाचे बहुतेक आजार टळतील, इथपर्यंत त्यांचे दावे गेले. त्याला पुरेसा पुरावा नव्हता. रासायनिक खतांवर त्यांनी सरसकट टीका केली. इंग्लंडमधील रोथमस्टेड येथे १८४३ पासून सुरू असलेला गव्हाचा प्रयोग दोन्ही बाजू दाखवतो. रासायनिक खतांच्या वाफ्यांनी दीर्घकाळ चांगले उत्पादन दिले. पण दरवर्षी शेणखत मिळालेल्या वाफ्यांतील सेंद्रिय कार्बन रासायनिक खतांच्या वाफ्यांच्या दुपटीहून अधिक झाला. त्यासाठी हेक्टरी ३५ टन शेणखत दरवर्षी द्यावे लागले. इतके खत सामान्य शेतकऱ्याकडे कुठून येणार?

श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी घातली. पर्यायी खताची तयारी नव्हती. शेतकरी रस्त्यावर उतरले आणि काही महिन्यांतच निर्णय मागे घ्यावा लागला.

शेतकऱ्याला परवडेल का?

साधा हिशेब पाहू. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. कंपोस्टमध्ये नत्र १ टक्का धरले, तर तेवढ्याच नत्रासाठी जवळपास २ टन कंपोस्ट लागते. तेही पहिल्याच हंगामात सगळे पिकाला मिळत नाही. गोणी दुचाकीवर येते. २ टन खत करायचे, उलथायचे, वाहून न्यायचे आणि पसरायचे, तर मजूर लागतात. हॉवर्ड यांच्याकडे संस्थेचे बैल आणि पगारी माणसे होती. आज अनेक गोठ्यांत जनावरे उरलेली नाहीत.

म्हणूनच पऱ्हाट्या बांधावर पेटतात. शेतकऱ्याला कंपोस्ट माहीत नाही असे नाही, काडीपेटी स्वस्त पडते. युरियाच्या गोणीवर सरकार मोठे अनुदान देते. खत करण्याच्या श्रमांना तसा आधार मिळाला आणि पऱ्हाट्या कुट्टी करणारे यंत्र गावात वेळेवर, परवडणाऱ्या भाड्यात आले, तर हे गणित बदलू शकते. शेतातून जे घेतले त्यातले जमेल तेवढे शेताला परत द्या, हे इंदूरच्या प्रयोगाचे सार होते. त्याचा फायदा हवामानाच्या रूपाने सगळ्यांना होणार असेल, तर त्याची मजुरी एकट्या शेतकऱ्याने का भरावी, हा प्रश्न धोरणकर्त्यांना टाळता येणार नाही.